लग्न मोडलं, प्रार्थना होत नाहीये. कुणाला कसा आधार मिळाला ते सांगाल का?

सोनचाफा_नगर

सर्वांना जय ख्रिस्त आणि नमस्कार. चार-पाच वर्षं नुसतं वाचतेय इथे, लिहायचा पहिलाच धागा आणि तो असा रडका, सांभाळून घ्या.

मूळची नगरची, पुण्यात नोकरी. मे महिन्यात माझं लग्न होणार होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्यात लग्नाआधी तीन रविवार देवळात मंडळीसमोर दोघांची नावं वाचतात, कुणाची काही हरकत असेल तर सांगा म्हणून. (देऊळ म्हणजे चर्चच, आमची आजी कायम देऊळ म्हणायची तेच तोंडात बसलंय.) दोन रविवार वाचून झाले आणि तिसऱ्याच्या आधी शुक्रवारी रात्री साडेअकराला त्याचा फोन, मला हे जमणार नाही. सहा वर्षांची ओळख आमची. मंडळीतल्या कुणी हरकत घेतली नाही, ती त्यानेच घेतली.

त्या रविवारी आम्ही कुणीच उपासनेला गेलो नाही, पण नावं वाचली गेली नाहीत हे सगळ्यांना कळलंच असणार ना, दुपारपासून फोन सुरू झाले. एक मावशी म्हणाली देवाची योजना असते. दुसऱ्या काकू म्हणाल्या याहून चांगला देव देईल. पाळकसाहेब (आमचे पास्टर) घरी आले, चहा घेतला, प्रार्थना केली, तेवढंच बरं वाटलं कारण ते फारसं बोलले नाहीत. हॉलचा अॅडव्हान्स गेला, पांढरी साडी कपाटात आहे, ती बाजूला सारल्याशिवाय मला ऑफिसचे कपडे काढता येत नाहीत.

आता खरा प्रश्न. मला प्रार्थना येईनाशी झालीये. लहानपणापासून झोपताना 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायची सवय, अजूनही सुरू करते, पण 'तुझी इच्छा जशी स्वर्गात तशी पृथ्वीवरही पूर्ण होवो' इथे आलं की घसा बंद. ती ओळ म्हणवतच नाही मला. म्हणजे ही तुझी इच्छा होती का? मग पुढचं सगळंच राहतं आणि छताकडे बघत पडते. मी देवाला सोडलेलं नाही, पण त्याच्याशी बोलूही शकत नाहीये. असं कुणाचं झालंय का, आणि मग काय केलंत?

तिखट_शेव

वाईट वाटलं वाचून. मी ख्रिश्चन नाही त्यामुळे काय बोलू कळत नाही, पण 'ती त्यानेच घेतली' हे वाचून पोटात खड्डा पडला. सावकाश लिहीत जा इथे.

शून्यबाबू

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. देव मध्ये आणलात की 'माझ्याच बाबतीत का' हा प्रश्न येतो, नाही आणला तर एक माणूस घाबरला आणि पळाला एवढंच उरतं. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल तर चांगला समुपदेशक गाठा. सरकारची टेली-मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. मी स्वतः घटस्फोटाच्या वेळी बोललोय, लाज वाटण्यासारखं काही नसतं त्यात.

वसईची_लेक

@शून्यबाबू नंबर दिलात ते बरं केलंत. पण देव 'मध्ये आणायचा' प्रश्न नसतो हो आमच्यासारख्यांचा, तो घरात आधीपासून असतोच, सासूसारखा :)

सोनचाफा, अगं माझी गोष्ट सांगते, हसलीस तर हस. आम्ही वसईचे कॅथलिक. माझं २७व्या वर्षी असंच झालं, लग्नापर्यंत नव्हतं गेलं पण आमच्या गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि आमचं गाव म्हणजे सकाळी मिस्साला गेलं की घंटेआधी बातमी पोचते. मी वेड्यासारखी एका मंगळवारी रजा टाकून एकटीच बांद्र्याला मोतमावलीला (माउंट मेरीच्या चर्चला) गेले. तिथे बाहेर मेणाच्या वस्तूंचे स्टॉल असतात माहितीये ना, पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, घर हवं असेल तर घर, मूल हवं असेल तर बाळ, ते घेऊन आत अर्पण करायचं. सगळ्या धर्माचे लोक घेतात. मी म्हटलं हृदय द्या. स्टॉलवरची बाई एकदम काळजीने म्हणाली, बायपास कुणाची आहे, पप्पांची का? मी नाही म्हटलं, माझंच आहे. तिने माझ्याकडे वर-खाली बघितलं, काय समजायचं ते समजली, आणि म्हणाली मोठं घे, छोट्याने काय होणार नाही.

मी त्या पायऱ्यांवर बसून इतकी हसले आणि मग हसता हसता इतकी रडले की एका मुस्लिम आजीबाईंनी पाण्याची बाटली दिली. प्रार्थना एक शब्दही झाली नाही. ते मेणाचं हृदय ठेवलं आणि लोकल पकडून घरी आले. पण त्या दिवसापासून आतली घट्ट गाठ थोडी सैल झाली एवढं नक्की. नंतर फादरना सांगितलं की मी काही मागितलंच नाही, नुसतं ठेवून आले, तर ते म्हणाले मग अजून काय करायचं असतं.

शब्द येत नसतील तर वस्तू ने. मेणबत्ती ने. काहीच नाही तर स्वतःला ने आणि मागच्या बाकावर बस.

हालेलूया_७७

प्रिय बहिणी, प्रभूची स्तुती असो. तुझ्या जीवनात कुठेतरी दार उघडं राहिलं असेल म्हणून शत्रूने हा घाव घातला. कबूल न केलेलं पाप असलं की प्रार्थना अडते. २१ दिवसांचा उपास कर, सकाळी ४ला उठून प्रार्थना कर, तोच मुलगा परत येईल, विश्वास कमी पडू देऊ नकोस. साक्ष आहेत असंख्य.

मास्तर_निवृत्त

@हालेलूया_७७ साहेब, सलाम. बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढा. जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? प्रभू म्हणतो यानेही नाही आणि त्यांनीही नाही. हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी निकालात निघालेला आहे, तो तुम्ही या पोरीच्या दारात परत नेऊन ठेवू नका. आणि एवढ्या दुःखात असलेल्या लेकराला उपास सांगणं याला काय म्हणावं.

बाळ सोनचाफा, मी तुझ्याच जिल्ह्यातला. ३४ वर्षं शाळेत मराठी शिकवलं, संडेस्कूल त्याहून जास्त. माझी पत्नी ख्रिस्तवासी होऊन सहा वर्षं झाली. तुझं दुःख आणि माझं दुःख एक नाही, मापायला बसायचंही नाही. पण 'तुझी इच्छा' या ओळीवर मीही अडकलो होतो, तब्बल आठ महिने. म्हणून लिहितो.

मला त्या काळात कोण उपयोगी पडलं तर बायबलातल्या ईयोबाचे मित्र, तेही पहिल्या आठवड्यापुरते. त्याची मुलंबाळं गेली, अंगभर फोडं आली, तेव्हा ते तिघे येऊन त्याच्याजवळ सात दिवस सात रात्री जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसलं. तिथवर ते उत्तम मित्र. मग तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं, देवाची योजना काय, तुझं पाप काय. शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो, तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत म्हणून. आणि देवाशी तावातावाने भांडणारा ईयोब मात्र बरोबर ठरतो! तुझ्या मावशीला आणि काकूंना हे सांगायला जाऊ नकोस, त्यांचा जीव आहे तुझ्यावर. फक्त तू लक्षात ठेव.

दुसरं. बायबलातल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. आपल्याला पाठ असतं ते २३वं, मेंढपाळाचं, कारण ते वाढदिवसापासून दफनापर्यंत कुठेही चालतं. पण साधारण तिसरा हिस्सा स्तोत्रं ही रड आणि तक्रार आहेत. १३वं काढ, सुरुवातच 'कोठवर?' अशी आहे, कोठवर मला विसरणार, कोठवर तोंड लपवणार. ८८वं काढ, ते तर शेवटपर्यंत उजळतच नाही, अंधारावरच संपतं. ज्यांनी हा ग्रंथ जुळवला त्यांना ते गाळता आलं असतं, नाही गाळलं. तेव्हा तुला प्रार्थना येत नाही असं तू म्हणतेस, पण धाग्यात तू जे लिहिलंस, 'ही तुझी इच्छा होती का', ती प्रार्थनाच आहे. तू फक्त ती इथे टाईप केलीस, पत्ता चुकला इतकंच.

मिरजेची_सिस्टर

मास्तर 🙏

मी नर्स आहे (मिरजेत शिकले, आता दुसरीकडे असते). धर्माचं मला जास्त कळत नाही पण शरीराचं कळतं. बायबलात एलीयाची गोष्ट आहे ना, १ राजे या पुस्तकाचा १९वा अध्याय, ती आम्हाला होस्टेलला एका सीनियरने सांगितलेली, नाईट ड्यूटीला. एलीया केवढा मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर जिंकून आलेला, आणि दुसऱ्याच दिवशी राणीच्या धमकीला घाबरून रानात पळाला, झुडपाखाली बसून म्हणतो आता पुरे झालं देवा, माझा जीव घे. मग देवदूत येतो. तो काय त्याला विश्वासावर भाषण देतो का? नाही. हात लावून उठवतो आणि म्हणतो, उठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो आणि परत झोपतो!! देवदूत परत उठवतो, परत खायला देतो, तुला लांब जायचंय म्हणतो. सगळं बोलणं, 'तू इथे काय करतोस' वगैरे, ते नंतर, चाळीस दिवसांनी डोंगरावर.

मी पेशंटच्या नातेवाईकांना आजही हेच करते. डॉक्टर काय म्हणाले ते नंतर बघू, आधी चहा-बिस्कीट घ्या. सोनचाफा तू काय खातेस दिवसभर? खरं सांग.

सोनचाफा_नगर

सकाळी चहा. ऑफिसात कधी डबा उघडते कधी नाही. रात्री मॅगी किंवा काही नाही.

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदोनदा वाचले. वसईची_लेक, 'मोठं घे' वाचून मेट्रोमध्ये जोरात हसले, समोरचा माणूस दचकला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

मास्तर, सर, ते ८८वं काढलं. आमच्या घरच्या बायबलमध्ये त्या पानावर आजीच्या हातची पेन्सिलची बारीक रेघ निघाली. आजी कधी रडलेली मला आठवत नाही. आईला विचारलं तर म्हणाली तुझा एक काका होता, चार वर्षांचा असताना गेला, तुला सांगितलं नव्हतं कधी. आता मला ते पान मिटवतच नाही.

आणि गुड फ्रायडेची आठवण येते राहून राहून. आमच्याकडे १२ ते ३ सात उद्गारांची (प्रभू क्रुसावरून बोलला ती सात वाक्यं) उपासना असते, सात जण एकेका उद्गारावर बोलतात, उकाड्यात बायका वहीने वारा घेतात. या वर्षी तो माझ्या शेजारी बसला होता. चौथ्या उद्गाराच्या वेळी माझ्या कानात म्हणाला, भूक लागली यार. दोन आठवड्यांनी हे असं. तेव्हा त्याला माहीत होतं का, हे डोक्यातून जातच नाही.

पेटीवाला

मुलगा आहे आणि तरीही लिहितोय, कारण पोरांनी या विषयावर लिहायचं नसतं असं दिसतं. मराठवाड्यातला, चर्चमध्ये पेटी वाजवतो. माझं जमलेलं लग्न मोडलं ते ती कॅथलिक आणि आम्ही प्रोटेस्टंट म्हणून, बाहेरच्यांना हे सांगितलं की त्यांना वाटतं हे दोघं एकच ना, असो. घरच्यांनी दोन्हीकडून ताणलं आणि ती दमली.

प्रार्थना तर माझीही बंद झाली होती, पण रविवारी पेटीला माणूस नाही म्हणून मला जावंच लागायचं. आणि मजा अशी की वाजवताना गावं लागतंच. आमची जुनी गाणी अभंग-ओवीच्या चालीवरची, रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या वेळेपासून ते वळण पडलंय, पेटी, तबला, झांज. त्या गाण्यांतला शब्द न शब्द मला खोटा वाटत होता. पण माझ्या डाव्या बाजूला महिला मंडळ बसतं आणि त्यातल्या एक म्हाताऱ्या बाई, ज्यांचा तरुण मुलगा अपघातात गेलेला, त्या बेसूर पण पूर्ण जोरात म्हणायच्या. मी ठरवलं की आज माझा विश्वास नाही तर नाही, आज त्यांच्यावर चाललंय, मी नुसता सूर धरतो. असे सात-आठ महिने काढले. कधी माझं परत सुरू झालं ते मला नाही सांगता येणार, तारीख नाही त्याला.

ते कानात 'भूक लागली' म्हणणं, त्याला माहीत होतं की नव्हतं हा विचार करून करून झिजशील. मी केलाय तो धंदा, मिळत काही नाही त्यातून.

ओवी_वाचक

मी वारकरी घरातली, पण या धाग्यावरून उठवेना. मास्तर म्हणतात ती तक्रार आमच्या तुकोबांकडे आणि जनाईकडे भरपूर आहे, विठोबाला चक्क शिव्या घातल्यात. पेटीवाल्यांनी टिळकांचं नाव काढलं म्हणून आठवलं, ते स्वतः म्हणायचे की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यामुळे हे ऐकताना मला परकं वाटत नाही.

एक मात्र बोलू का, थोडं बोचेल. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांचा विचार करा. नवरा १८९५ला ख्रिस्ती झाला, त्या झाल्या १९००मध्ये. मधली वर्षं? त्या बाईला तर या धर्मानेच आधी दुःख दिलं की, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, लोक बोलणार, पोर लहान. म्हणजे श्रद्धा दिलासा देते हे खरं, पण ती माणसं तोडतेही.

मास्तर_निवृत्त

@ओवी_वाचक बोचलं, आणि बोचायलाच हवं. लक्ष्मीबाईंची थोरवी हीच की त्यांनी ते दुःख नंतर ख्रिस्ती झाल्यावरही पुसून टाकलं नाही, जसं होतं तसं लिहून ठेवलं, स्वतःला हसत हसत. 'बघा, शेवटी सगळं कसं छान झालं' असा सूर कुठे लागत नाही.

त्यांच्याच काळातल्या दुसऱ्या बाईंचं सांगतो, पंडिता रमाबाई. आई, वडील, थोरली बहीण दुष्काळाच्या उपासमारीत गेले. उरलेला भाऊ १८८०मध्ये गेला. त्याच वर्षी लग्न केलं, नवरा १८८२मध्ये कॉलऱ्याने गेला, पदरात मुलगी वर्षाचीही झाली नव्हती. बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये १८८३चा. म्हणजे या बाईंचे बहुतेक सगळे घाव आधीचे, आणि ख्रिस्ती झाल्यावर ते थांबले असंही नाही. ज्या लेकीच्या, मनोरमेच्या हाती मुक्ती मिशन (निराधार बायामुलींसाठीची त्यांची केडगावची संस्था) सोपवायचं तीच १९२१मध्ये आईच्या आधी गेली. बाईंचं वय तेव्हा ६३. त्या वेळी त्यांचं काय चालू होतं तर बायबलचं मराठी भाषांतर, मूळ हिब्रू-ग्रीक शिकून, साध्या बायांना कळेल अशा मराठीत, आणि छपाई केडगावातच, तिथल्याच मुलींच्या हातांनी. लेक गेल्यावर त्यांनी ते काम खाली ठेवलं नाही. १९२२च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या तेव्हा ते हातावेगळं झालेलं होतं. मी केडगावला तीनदा गेलोय, प्रत्येक वेळी माझ्या मनात एकच येतं, लेक गेलेली असताना बायबलातल्या विलापगीताची मुद्रितं समोर आली असतील तेव्हा ही बाई काय करत असेल. उत्तर अर्थातच कुठे लिहिलेलं नाही.

विलापगीत म्हटल्यावर माझ्यातला मास्तर जागा होतो, माफ करा. यरुशलेम पडल्यावरचं ते रडगाणं, पाच अध्याय. त्यातले पहिले चार हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने रचलेत. २२ अक्षरं, म्हणून २२ कडवी, तिसऱ्या अध्यायात प्रत्येक अक्षराला तीन, म्हणून ६६. शहर जळालंय, लेकरं भुकेने मेलीत आणि हा कवी अ, आ, इ करत रडतोय! मला आधी हे कृत्रिम वाटायचं. मग पत्नी गेल्यावर कळलं. दुःखाला काठ नसतो हो, त्यात माणूस वाहत जातो. अक्षरांचा काठ धरला की निदान कळतं आपण कुठवर आलो, आणि हेही कळतं की शेवटचं अक्षर कधीतरी येणार आहे. पाचव्या अध्यायात कडवी २२च, पण अक्षरांचा क्रम सुटलेला. दमला असेल बिचारा.

सोनचाफा, तुला गृहपाठ देतो. मराठी मुळाक्षरं घे. रोज एक. त्या अक्षराने सुरू होणारी एक ओळ देवाला उद्देशून. चांगली नसली तरी चालेल, शिवी असली तरी चालेल. वाचून मी गुण देणार नाही.

तिखट_शेव

सर ण ला काय करायचं 😀

मास्तर_निवृत्त

@तिखट_शेव ण आणि ङ, ञ यांना सुट्टी. त्या दिवशी गप्प बसायचं. गप्प बसणंही प्रार्थनेत धरतात आमच्यात.

शून्यबाबू

हे जर्नलिंग झालं सर, समुपदेशक पण हेच सांगतात :) पण अक्षरांची आयडिया आवडली. देव नसलेल्यांनी कुणाला उद्देशून लिहायचं?

मास्तर_निवृत्त

मला लिहा. पत्ता व्यनिने (खासगी निरोपाने) पाठवतो.

अबोली_दुबई

वाचता वाचता रात्रीचा एक वाजला इथे. लग्नाला अकरा वर्षं झालीत त्यामुळे माझं हृदय मोडायचं कारण वेगळं, मूल नाही. त्यावर बोलायला हा धागा नाही, पण एक सांगायचं होतं. बायबलातली हन्नाची गोष्ट, मूल नाही म्हणून मंदिरात जाऊन रडत होती, ओठ हलत होते आवाज नव्हता, तर याजकाला वाटलं दारू प्यायलीये! सगळे जण पुढचं सांगतात, तिला शमुवेल झाला. सगळे सांगतात आणि माझ्याकडे बघतात. पण त्या अध्यायात एक बारीक वाक्य आहे, याजकाने शांतीने जा म्हटल्यावर ती गेली, जेवली आणि तिचा चेहरा उतरलेला राहिला नाही. तेव्हा अजून काहीच झालेलं नव्हतं हो. मूल-बिल काही नाही. मी फक्त त्या वाक्यापर्यंत वाचते आणि पुस्तक मिटते. सिस्टरताई, तिथेही जेवणच आहे बघा.

मिरजेची_सिस्टर

@अबोली_दुबई हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं कधी. तुम्हाला इथूनच घट्ट मिठी.

हालेलूया_७७

मास्तर, तुमचं म्हणणं पुन्हा वाचलं. पापाबद्दल बोललो ते चुकलं, बहिणीची माफी मागतो. माझ्या स्वतःच्या लेकीचं लग्न मोडलं तेव्हा आम्ही तिला खूप उपास करायला लावले होते. ती आता आमच्याशी बोलत नाही. उपासाने बरं होतं हे मला तेव्हापासून खरं असायला हवंय, असं काहीतरी असेल.

वसईची_लेक

काका... मुलीला फोन करा. उपदेश नका करू, नुसतं विचारा जेवलीस का.

सोनचाफा_नगर

(सात आठवड्यांनी) हा धागा वर काढतेय. @हालेलूया_७७ काका, माफ वगैरे नका म्हणू, फोन केलात का तेवढं सांगा.

गृहपाठ चालू आहे सर. रोज जमत नाही, आठवड्यात चार-पाच होतात. 'अ' ला लिहिलं होतं: अडीच वाजलेत, तू जागा आहेस का? 'ए' ला: एकदा तरी त्याच्या स्वप्नात जाऊन त्याला घाबरव (लिहून ठेवलंय, खोडलं नाही). 'ख' ला: खोटं बोलले सगळे की बरी आहे, तूच ऐक, बरी नाही. 'ङ' ला गप्प बसले, खूप बरं वाटलं, मग सलग तीन दिवस ङच चालवला. 'झ' ला: झोप लागली काल. एवढंच.

१४४१६ला पण फोन केला होता शून्यबाबू, दोनदा. दुसऱ्या वेळची बाई छान होती, तिने पुढे एका ताईंकडे पाठवलं, त्या देवाबद्दल काही बोलत नाहीत आणि मी बोलले तर थांबवतही नाहीत.

आणि रविवारी नगरला गेले होते, देवळात पण गेले, पहिल्यांदाच त्यानंतर. मागच्या बाकावर, वसईच्या ताईंनी सांगितलं तसं. एका दुसऱ्या जोडप्याची नावं वाचली. पहिला रविवार त्यांचा. हरकत असेल तर सांगा म्हणाले तेव्हा माझ्या हाताला घाम फुटला होता, मी सगळ्या देवळाकडे बघत होते, कुणी उठू नये म्हणून. कुणी नाही उठलं. मग प्रभूची प्रार्थना आली आणि मी त्या ओळीला तोंड मिटलं, सवयीने. आजूबाजूच्यांनी म्हटली. पेटीवाले दादा, तुमची ती म्हातारी बाई आठवली, म्हटलं आज यांच्यावर चालू दे. आणि त्यांची ती ओळ संपली तशी पुढची माझ्या तोंडातून आपोआप आली, 'आमची रोजची भाकर आज आम्हास दे'. मधली एक ओळ वगळून पुढे जाता येतं हे मला इतके आठवडे सुचलंच नव्हतं, मी तिथेच थांबून राहत होते. ती ओळ अजून म्हणत नाही मी.

आईने दुपारी बाजरीची भाकरी आणि पिठलं केलं होतं. दीड भाकरी खाल्ली. सिस्टरताई, नोंद घ्या.

मिरजेची_सिस्टर

घेतली. पुढच्या वेळी दोन.

मास्तर_निवृत्त

वाचलं. गुण देणार नाही म्हणालो होतो, शब्द पाळतो. 'ए' च्या ओळीला मात्र मी मोठ्याने हसलो, स्तोत्रकर्त्यांनी शत्रूंबद्दल याहून पुष्कळ भयंकर लिहिलंय, तू सौम्य आहेस. आणि ती ओळ घाईने म्हणू नकोस. क्रुसाच्या आदल्या रात्री गेथशेमानेच्या बागेत प्रभूला ती ओळ म्हणायला रक्तासारखा घाम आला होता, तेही आधी 'हा प्याला टळो' असं म्हणून झाल्यावर. माझी आठ महिन्यांनी आली, तीही अर्धी. राहिलेली अर्धी कधी कधी अजून गिळतो.

हालेलूया_७७

फोन केला. उचलला नाही. मेसेज टाकला, जेवलीस का. दोन दिवसांनी उत्तर आलं, हो.

वसईची_लेक

काका!!! 🕯️

तिखट_शेव

मी इथे काहीच उपयोगाचं लिहिलेलं नाही पण धागा रोज उघडतो. सोनचाफा, त्या साडीचं काय केलंस?

सोनचाफा_नगर

अजून कपाटातच आहे. पण हँगर बदलला, सगळ्यात आतल्या बाजूला टांगली. आता ऑफिसचे कपडे सरळ निघतात.

वसईची ताई, सप्टेंबरात मोतमावलीच्या जत्रेला येईन म्हणतेय, ८ तारखेच्या आसपास आठवडाभर असते ना? स्टेशनवरून रिक्षा मिळते का त्या गर्दीत की चालत जायचं?

वसईची_लेक

जत्रेत रिक्षाचं नाव काढू नकोस, बसने ये नाहीतर चालत. मी येते बांद्रा स्टेशनला घ्यायला, रविवार सोडून कुठलाही दिवस सांग. आणि ती स्टॉलवरची बाई अजून तिथेच बसते, तिला दाखवायचंय तुला.